दोन गाड्या नेमक्या कुठे भेटतात?

सदर : गणिताच्या शंका

अंतर, वेग आणि वेळ या प्रकरणाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात दोन ओळींत म्हटलं होतं. परीक्षा तोंडावर आल्यामुळे असेल, पत्रं बरीच आली. बहुतेक इंदूरची, एक देवासचं, एक बडोद्याचं. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. गावांमधली अंतरं मी गणितापुरती गोळाबेरीज धरली आहेत, तेव्हा कुणी मोबाइलवर नकाशा उघडून भांडायला येऊ नये.

*

माझा मुलगा सातवीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात अंतर-वेग-वेळेचा त्रिकोण शिकवलाय. जे काढायचं त्यावर बोट ठेवलं की सूत्र मिळतं. वहीच्या प्रत्येक पानावर तो त्रिकोण काढतो, तरी उत्तर चुकतंच. ‘बस ताशी ४० किमी वेगाने १ तास १५ मिनिटं चालली, तर किती अंतर गेली?’ याचं उत्तर ४६ किमी लिहून आला. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, मार्क शून्य. काय करावं?
– एक आई, राजेंद्र नगर, इंदूर

तुमच्या मुलाचा गुणाकार खरंच चोख आहे. ४० गुणिले १.१५ म्हणजे ४६च. घोळ त्या ठिपक्यात आहे. घड्याळात ७.३० लिहितात, रेल्वेच्या वेळापत्रकात लिहितात, आणि गणिताच्या वहीतही तोच ठिपका येतो. पण घड्याळातल्या ठिपक्यापुढे साठांचा हिशोब चालतो, वहीतल्या ठिपक्यापुढे शंभरांचा. १५ मिनिटं म्हणजे साठातली पंधरा, म्हणजे पाव तास, म्हणजे ०.२५. तेव्हा १.२५ तास, आणि ४० गुणिले १.२५ बरोबर ५० किमी. सातवी-आठवीच्या वह्या तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. या प्रकरणात सूत्र न आल्यामुळे चुकणारी पोरं थोडी, मिनिटांचा असा दशांश करून चुकणारी भरपूर.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे पाठवा त्याला. आमच्या आधीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकले होते. चार सव्वा पाच, म्हणून चाळीस सव्वा पन्नास. आजोबा पेन्सिलही उचलणार नाहीत. शाळा कुठल्याही माध्यमाची असो, घरी वेळ मराठीत वाचून घ्या : सव्वा तास, दीड तास, पावणेदोन तास, अडीच तास. ‘सव्वा तास’ तोंडाने म्हटल्यावर हात १.१५ लिहायला धजत नाही. वीस मिनिटांची सोय मात्र या पाढ्यांत नाही. तिथे ‘एक तृतीयांश तास’ असा अपूर्णांकच ठेवावा. ०.३३ लिहून गुणाकार करत बसलं की उत्तर थोडंसं घसरतं, आणि पाठीमागच्या पानावरच्या उत्तराशी जुळलं नाही की पोरगं बरोबर केलेलं खोडून टाकतं.

खरं तर या उदाहरणाला गुणाकाराचीही गरज नव्हती. तासात ४० किमी, तर पाव तासात १०. चाळीस आणि दहा पन्नास. झालं.

आता त्या त्रिकोणाबद्दल. माझं त्याच्याशी वैर नाही, पण लळाही नाही. गुणायचं की भागायचं एवढंच तो सांगतो. कशाला भागायचं हे सांगत नाही, आणि उदाहरणाची सगळी गंमत तिथेच असते. हे एक बघा : बस इंदूरहून ७.१० ला निघाली, देवासला ८.२५ ला पोहोचली, वाटेत १५ मिनिटं थांबली, अंतर ४० किमी. चालत असतानाचा तिचा वेग किती? त्रिकोण म्हणेल, अंतर भागिले वेळ. पण कोणती वेळ? निघाल्यापासून पोहोचेपर्यंत ७५ मिनिटं, त्यातली १५ ड्रायव्हरच्या चहाची. चाकं फिरली ६० मिनिटं. म्हणून चालतानाचा वेग ताशी ४०, आणि थांब्यासकट सबंध प्रवासाचा सरासरी वेग ४० भागिले सव्वा, म्हणजे ताशी ३२. दोन्ही उत्तरं खरी, दोन्ही एकाच त्रिकोणातून निघालेली. प्रश्नाने काय विचारलंय ते वाचणाऱ्यालाच कळणार.

मुलाला एक सवय लावा. आकड्यांना हात लावण्याआधी त्याने तोंडाने सांगायचं : या गोष्टीत कोण कोण चालतंय, आणि त्यांच्यात समान काय आहे? अंतर समान आहे, वेळ समान आहे की वेग? पुढच्या सगळ्या पत्रांना मी हाच प्रश्न विचारणार आहे, त्यामुळे इथे ताणत नाही.

दुसरी सवय उत्तराकडे डोळे उघडे ठेवून बघण्याची. माणूस बरा चालला तर ताशी ५ किमी. एखाद्या रविवारी चिमणबागेच्या मैदानावर शंभर मीटर मोजा आणि त्याला रोजच्या चालीने चालायला लावा. ७२ सेकंदांच्या आसपास लागले तर ताशी ५. सायकल ताशी १२ ते १५. हे दोन आकडे एकदा पायात भिनले की ‘रमेश पायी ताशी ४८ किमी वेगाने गेला’ असं उत्तर वहीत राहत नाही.

*

काकू, मी आठवीत आहे. उदाहरण असं आहे : ‘एक मुलगा सायकलवरून ताशी १२ किमी वेगाने गेला तर शाळेत ३ मिनिटं उशिरा पोहोचतो, ताशी १५ किमी वेगाने गेला तर २ मिनिटं आधी पोहोचतो. शाळा किती दूर?’ यात अंतर दिलेलं नाही, वेळही दिलेली नाही. मग सूत्रात टाकू काय? कोचिंगचे सर म्हणून राहिले, एक्स धर. धरला. पुढे काय करू?
– सुदामा नगरची विद्यार्थिनी

अगं, सर बरोबर सांगताहेत, पण एक्स धरला म्हणजे तो आपोआप बोलायला लागत नाही. आधी त्या मुलाबरोबर जाऊन ये.

समान काय आहे? घर तेच, शाळा तीच, तेव्हा अंतर समान. शाळेची घंटाही एकच. समज ती साडेसातला होते. हळू गेला तर ७.३३ ला फाटकात, जोरात गेला तर ७.२८ ला. या दोन पोहोचण्यांत फरक किती? ५ मिनिटं. तू वहीत ३ वजा २ बरोबर १ लिहिलं असशील अशी मला दाट शंका आहे. तीनही मिनिटं, दोनही मिनिटं, मग वजाबाकी करावीशी वाटतेच. पण एक घंटेच्या अलीकडे आहे, दुसरं पलीकडे. मधलं अंतर काढायचं तर बेरीज. दोन्ही वेळा उशीरच झाला असता, एकदा ३ आणि एकदा २ मिनिटं, तर वजाबाकी बरोबर होती. कागदावर एक आडवी रेघ ओढ, मधे घंटा मांड, दोन्ही बाजूंना वेळा लिही. मग हा गोंधळ होत नाही.

आता वेग उलटा करून बघ. ताशी १२ म्हणजे ६० मिनिटांत १२ किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटं. ताशी १५ म्हणजे एका किलोमीटरला ४ मिनिटं. जोरात गेलं की प्रत्येक किलोमीटरमागे एक मिनिट वाचतं. एकूण वाचली ५ मिनिटं. मग किलोमीटर किती? पाच. ताळा करून बघ : हळू गेला तर २५ मिनिटं, जोरात गेला तर २०. घरून ७.०८ ला निघाला होता पठ्ठ्या. चार मिनिटं आधी निघाला असता तर ना दमला असता ना उदाहरण झालं असतं.

सरांच्या पद्धतीने लिहायचं तर एक्स भागिले १२ वजा एक्स भागिले १५ बरोबर ५ भागिले ६०. डावीकडे एक्स भागिले ६० उरतं, म्हणून एक्स ५. बघ, समीकरणात तीच गोष्ट लिहिली आहे : हळू जाण्याचा वेळ वजा जोरात जाण्याचा वेळ. परीक्षेत असंच लिही, पायऱ्यांना गुण असतात. पण उजव्या बाजूला ५ लिहून सोडू नकोस. वेग तासांत आहे, म्हणून मिनिटंही तासांत, ५ भागिले ६०.

एक घरी करून बघ. ताशी १० ने गेलं तर ५ मिनिटं उशीर, ताशी १५ ने गेलं तर ३ मिनिटं आधी. किलोमीटरमागे ६ मिनिटं आणि ४ मिनिटं. उत्तर ४ किमी यायला हवं.

*

नोकरीसाठी रोज कारने इंदूर-उज्जैन करतो. जाताना रस्ता मोकळा, ताशी ६० पडतो. येताना संध्याकाळची गर्दी, ताशी ४०. मुलीला सहज विचारलं, माझा सरासरी वेग किती? ती म्हणाली ५०. मलाही ५०च वाटलं. तिच्या पुस्तकात अगदी याच आकड्यांचं उदाहरण निघालं आणि उत्तर ४८ दिलंय. छपाईची चूक आहे का?
– एक वाचक, इंदूर

पुस्तक बरोबर आहे. उज्जैन ५५ किमी धरू. जाताना ताशी ६०, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, ५५ मिनिटं. येताना ताशी ४०, म्हणजे किलोमीटरला दीड मिनिट, साडेब्याऐंशी मिनिटं. एकूण ११० किमी, साडेएकशेसदतीस मिनिटं. भागाकार करा, ताशी ४८ येतात. तुम्ही मंद वेगात जास्त वेळ काढलात, म्हणून सरासरीही मंदाच्या बाजूला झुकली.

दोन्हीकडे समान काय होतं? अंतर. पन्नास हे उत्तर खरं ठरायला वेळ समान हवा : एक तास ताशी ६० ने, एक तास ताशी ४० ने. तसं झालं तर दोन तासांत १०० किमी, सरासरी ५०. मुलीला हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी करून दाखवा. अंतर समान असेल तेव्हा दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज, असं सूत्र आहे. ४८०० भागिले १००. त्यात अंतर कुठेच येत नाही, म्हणून उज्जैन ५५ असो की ५८, उत्तर ४८च राहतं. सूत्र पाठ केलं तर हरकत नाही, पण ते समान अंतरापुरतंच आहे हे त्याच्या शेजारी लिहून ठेवायला सांगा. वेळ समान असताना हेच सूत्र ठोकणारी हुशार मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आणि एकदा गाडीत बसल्या बसल्या तिला हे विचारा : जाताना ताशी ३० पडले, येताना किती वेगाने यावं म्हणजे सरासरी ६० होईल? ती ९० म्हणेल. ९० ने आलात तर सरासरी ४५ होते. कितीही जोरात आलात तरी ६० होत नाही. ११० किमी ताशी ६० ने करायला एकूण ११० मिनिटं, आणि ती सगळी जाण्यातच संपली आहेत. परतीला शून्य मिनिटं उरली. (वाहतूक पोलिसांनी हे पत्र वाचू नये.)

*

स्पर्धा परीक्षेची तयारी करते. जाता-येता वेगळा वेग असेल तर बेरजेचं अर्ध करायचं नाही, हे पाठ झालं. पण नावेच्या उदाहरणात प्रवाहाबरोबरचा वेग अधिक प्रवाहाविरुद्धचा वेग भागिले दोन, म्हणजे नावेचा वेग, असं करतात. इथे कसं चालतं? कोचिंगमध्ये विचारलं तर ‘सूत्र आहे, लक्षात ठेवा’ म्हणाले.
– एक वाचक, बडोदा

फार छान शंका. हिचं उत्तर न देता पुढे गेलेल्याने तुमचं नुकसान केलं. तुमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत नाव घालायची तर मगरींचा हिशोब वेगळा मांडावा लागेल, म्हणून आपण महेश्वरच्या घाटावर जाऊ. नर्मदेत नाव प्रवाहाबरोबर ६ किमी अर्ध्या तासात गेली, तेच ६ किमी परत यायला पाऊण तास लागला. जातानाचा वेग ताशी १२, येतानाचा ८.

जाताना नदीने नावेला काहीतरी दिलं, येताना तेवढंच काढून घेतलं. नाव अधिक प्रवाह १२, नाव वजा प्रवाह ८. बेरीज केली की प्रवाह उडून जातो आणि नाव दोनदा उरते : २०. म्हणून नाव १०, प्रवाह २. इथलं अर्ध करणं प्रवासाच्या सरासरीचं नाहीच. ते दोन समीकरणांतून नावेला वेगळं काढण्याचं आहे. साचलेल्या पाण्यात नावाड्याने तेवढंच जोर लावून वल्हवलं असतं तर ताशी १० पडले असते, एवढाच त्याचा अर्थ.

आता जाऊन-येऊनच्या प्रवासाचा सरासरी वेग काढा. १२ किमी, सव्वा तास, ताशी ९.६. दहा नाही! म्हणजे तुमचे दोन्ही नियम एकाच उदाहरणात शेजारी शेजारी नांदताहेत. आणि एक गोष्ट हाती लागते जी पुस्तकं सांगत नाहीत. नदी जाताना जेवढी मदत करते तेवढाच येताना विरोध करते, तरी हिशोब फिटत नाही. साचलेल्या पाण्यात हेच १२ किमी ७२ मिनिटांत झाले असते, वाहत्या पाण्यात ७५ लागली. मदतीचा वेग थोडा वेळ मिळतो, विरोध जास्त वेळ सोसावा लागतो. प्रवाह जितका जोरदार तितका तोटा मोठा. प्रवाह नावेच्या वेगाइतका झाला तर परत येणंच नाही. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत ‘तेवढाच वेळ लागेल’ असा पर्याय दिसला की तो फसवायला ठेवलेला असतो.

*

आमच्या वेळी त्रैराशिक होतं (तीन आकडे दिलेले, त्यांवरून प्रमाणाने चौथा काढायचा), त्यात सगळं बसायचं. नातवाला शिकवू लागलो तर म्हणतो, आजोबा, हे कोर्समध्ये नाही. पण दोन गाड्या समोरासमोरून येतात ते उदाहरण मला त्रैराशिकात बसवता येईना. शिवाय नातू म्हणतो की गाड्यांची गणितं इंग्रजांनी रेल्वेबरोबर आणली. हे खरं का?
– रामबागेतले एक आजोबा

नमस्कार. आधी नातवाचा मुद्दा. रेल्वे इंग्रजांनी आणली, गणित त्याच्या फार आधीचं. आर्यभटाच्या ग्रंथात गणिताचा जो भाग आहे, ३३ श्लोकांचा गणितपाद, त्यात त्रैराशिकाचा नियम आहे आणि तुमच्या दोन गाड्यांचाही आहे. ग्रंथाचा काळ इसवी सन ४९९ च्या आसपासचा. गाड्यांच्या जागी तिथे ग्रह आहेत, कारण त्याला आकाशातल्या गतींचा हिशोब करायचा होता. नियम असा : दोघे विलोम, म्हणजे उलट दिशांनी चालत असतील तर त्यांच्यामधल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागा. अनुलोम, एकाच दिशेने, चालत असतील तर गतींच्या फरकाने भागा. भेटीचा काळ मिळतो. वर त्याने हेही सांगून ठेवलंय की ती भेट पुढे व्हायची असेल किंवा होऊनही गेली असेल. ही शेवटची सूचना आजच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात मला दिसली नाही.

आता तुमचं त्रैराशिक. इंदूर-भोपाळ १९० किमी धरा. इंदूरहून बस सकाळी ७ ला निघाली, ताशी ५५ ने. भोपाळहून दुसरी ८ ला निघाली, ताशी ४५ ने. कधी भेटतील? सात ते आठ एकटी इंदूरची बस चालते आहे, तिने ५५ किमी कापले, उरले १३५. आठपासून दोघी चालताहेत, आणि इथून पुढे दोघींचा वेळ समान आहे. दर तासाला मधला रस्ता ५५ आणि ४५ मिळून १०० किमीने कमी होतो. आता मांडा : १०० किलोमीटरला १ तास, तर १३५ ला किती? बसलं त्रैराशिकात. उत्तर १.३५ तास. नातू लगेच ९.३५ लिहील. त्याला या पानावरचं पहिलं पत्र वाचायला द्या. ०.३५ तास म्हणजे २१ मिनिटं, भेट ९.२१ ला, इंदूरपासून सव्वाएकशेएकोणतीस किलोमीटरवर. आष्टा मागे पडलेलं, सीहोर अजून यायचंय.

तुम्हाला ते बसवता आलं नाही याचं कारण बहुधा तो मधला एक तास. दोघी एकदम निघाल्या असत्या तर सरळ होतं. एकीला आधी एकटीला चालू द्यायचं, दुसरी निघाली की मग त्रैराशिक सुरू करायचं. आणि वेग वाढला की वेळ कमी, ते तुमचं व्यस्त त्रैराशिक. तेही नातवाला दाखवा, सुदामा नगरच्या मुलीच्या सायकलीत तेच आहे.

अनुलोमाचंही एक घ्या. बस इंदूरहून ७ ला ताशी ४० ने निघाली, मागून साडेसातला कार ताशी ६० ने. बस २० किमी पुढे, दर तासाला २० किमीने अंतर मिटतं, म्हणजे एका तासात, साडेआठला, इंदूरपासून ६० किमीवर गाठेल. पण दोघी ४० किमीवरच्या देवासलाच जाणार असतील तर? बस ८ ला देवासला पोहोचून रिकामी झाली, कार ८.१० ला येते आहे. गाठलंच नाही. नातवाला आधी पहिला भाग सोडवू द्या, मग देवासचं विचारा.

*

रेल्वे खांबाला ओलांडते तेव्हा गाडीची लांबी धरतात, प्लॅटफॉर्मला ओलांडते तेव्हा दोन्ही लांब्या. असं का? आणि ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना १८ आणि ५ कुठून येतात?
– सातवीतला विद्यार्थी, देवास

ताशी १८ किमी म्हणजे ३६०० सेकंदांत १८००० मीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तिथून. पाढा करून ठेव : ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५.

लांबीसाठी इंजिनाच्या नाकावर नजर ठेव. नाक खांबाशी आलं तेव्हा ओलांडणं सुरू झालं, शेवटचा डबा खांब सोडून गेला तेव्हा संपलं. तोवर नाक किती पुढे गेलं? बरोबर एका गाडीइतकं. प्लॅटफॉर्म असेल तर नाकाने आधी सगळा प्लॅटफॉर्म चालायचा आणि वर एक गाडी. खांबाला जाडी नसते असं नाही, पण पाचशे मीटरच्या गाडीपुढे ती कोण विचारतो.

हल्लीच्या नव्या पद्धतीच्या, एलएचबी म्हणतात त्या, डब्याची लांबी साधारण २४ मीटर असते. २२ डबे आणि एक इंजिन मिळून ५५० मीटर धर. ताशी ७२ ने ती खांबाला साडेसत्तावीस सेकंदांत ओलांडेल, ५५० मीटरच्या प्लॅटफॉर्मला ५५ सेकंदांत. आता उलटं कर. मोठ्या माणसाबरोबर फाटकापाशी, रुळांपासून दूर उभा राहा, डबे मोज आणि मोबाइलवर सेकंद मोज. २२ डबे ३३ सेकंदांत गेले तर ५५० भागिले ३३, सेकंदाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश मीटर, म्हणजे ताशी ६०.